प्रतिसाद: थंडीतला तेहुआंतेपेकचा वारा

वर नेरुळच्या ताईंनी विचारलंय की मुलगा पनामाकडे निघालेल्या जहाजावर आहे, तिकडचा चक्रीवादळांचा मोसम ३० नोव्हेंबरला संपला, मग आता काळजी नाही ना? ताई, चक्रीवादळाची फारशी नाही. पण उत्तरेच्या वाऱ्याकडे लक्ष हवंच.

उत्तर अमेरिकेतली थंड, जड हवा मेक्सिकोच्या आखातात उतरते. पुढे दक्षिण मेक्सिकोचे डोंगर आडवे येतात, पण चिवेला खिंडीपाशी त्यांत मोठी फट आहे. तिथून ती हवा पलीकडे पॅसिफिकवर, तेहुआंतेपेकच्या आखातात सुसाट सुटते. आभाळ निरभ्र असताना वारा ३४ नॉटच्या (ताशी सुमारे ६३ किमी) वर जातो, थंडी कडक असेल तर ४८ च्याही. ढग बघून अंदाज बांधणाऱ्याला तिथे काहीच सुगावा लागत नाही! म्हणूनच मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर चक्रीवादळं नसतानाही तिथल्या समुद्राचा अंदाज दर सहा तासांनी देतं. बरीच जहाजं अशा वेळी किनारा धरून जातात, कारण तिथे लाटेला वाढायला अंतरच मिळत नाही.

अंदाजातली लाटेची उंची मात्र मुलाने नीट वाचावी, हे कळकळीने सांगतो. ती सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. चार मीटर लिहिलंय म्हणजे एखादी लाट सात-आठ मीटरचीही येऊ शकते.

आपल्याकडेही हिवाळ्यात आखाती देशांकडचा शमाल हा वायव्येचा वारा अरबी समुद्रात उतरला की त्याच्या लाटा आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचतात. करंजाच्या नाखवांनी त्यासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा अंदाज रोज बघावा.