रोझहिप तेलाला खवट वास येतोय, काय करू?

मुरुमांच्या जुन्या डागांसाठी फेब्रुवारीत रोझहिप तेल आणलं होतं. रानगुलाबाच्या फळातल्या बियांचं, कोल्ड प्रेस्ड, 30 मिलीची गडद काचेची बाटली. रोज रात्री ओलसर चेहऱ्यावर 3 थेंब लावायचे. डाग आहेत तसेच आहेत, पण त्वचा खरंच मऊ झाली होती. मग नाशिकचा उन्हाळा तापला, बाटली खिडकीजवळच्या कपाटात राहिली, आणि आता झाकण उघडलं की जुन्या शेंगदाण्यांसारखा खवट वास येतो. केशरी रंगही फिकटलाय.

या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर, त्यामुळे ते ऊन-हवा सोसत नाही, हे आता कळलं. आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवून पाहिलं, वास तसाच. मनगटावर लावलं तर पुरळ आली नाही. बाटलीवरची मुदत अजून 8 महिने आहे.

कृपया गुलाबजल सुचवू नका. गणेशवाडीच्या फूलबाजारातले गावठी गुलाब आणून ते मी घरीच काढते, पण ते पाकळ्यांचं, त्याचं काम वेगळं. त्वचा तेलकट आहे, आणि डॉक्टरांनी दिलेलं मुरुमांवरचं अ‍ॅडापलीन जेल एक दिवसाआड चालू आहे.

चेहऱ्याला नाही तर निदान केसांच्या टोकांना हे तेल चालेल, की सरळ टाकून देऊ? आणि नवी बाटली तुम्ही पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्येच ठेवता का?