मदत हवी आहे: बिल यादी लावली की रिपोर्ट सर्व्हरचा पॉड मरतो (अर्जंट)

काटा_ते_बिल | सोलापूर | सकाळी ११:१०

नमस्कार. एका साखर कारखान्याचं ऊस बिलाचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. रिपोर्टसाठी जॅस्परचा (छापील अहवाल बनवणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर आहे, कुबरनेटिसवर (कंटेनर चालवणारी, सांभाळणारी व्यवस्था; पॉड म्हणजे तिथला चालू कंटेनर). वजन पावती, गटवार टनेज, तोडणी-वाहतुकीचं बिल, सगळं मराठीत छान निघतं. फक्त पंधरवड्याची बिल यादी लावली की चार-पाच मिनिटं चक्र फिरतं आणि ५०२ (सर्व्हरकडून उत्तर नाही) येतो. पॉड आपोआप परत उठतो. परत यादी लावली की परत तेच. लॉगमध्ये एकही एरर नाही. आम्ही काहीही बदललेलं नाही, मागच्या हंगामात हाच सेटअप शेवटपर्यंत चालला.

३१ डिसेंबरला संपलेल्या पंधरवड्याचं बिल आहे. बँक यादी आजच जायला हवी. चीफ अकाउंटंट दर अर्ध्या तासाला फोन करतायत. कुणाला माहीत असेल तर प्लीज लगेच सांगा.

(इथला संपादक रोमन अक्षरं खातो, म्हणून कमांडसुद्धा देवनागरीतच लिहा. समजून घेतो.)

जुना_टॉमकॅट | सकाळी ११:२२

साखर कारखान्याला कुबरनेटिस कुणी सुचवलं हो? एक मशीन, एक टॉमकॅट (जावाचा वेब सर्व्हर), एक पोस्टग्रेस (डेटाबेस), विषय संपला. मी तीन कारखान्यांत असंच चालवतो. गाळप सुरू व्हायच्या आधी एकदा रीस्टार्ट करायचं, मग पट्टा पडेपर्यंत (हंगाम संपेपर्यंत) हात लावायचा नाही.

नलिनी_नोड | सकाळी ११:३१

"आपोआप उठतो" हे कळलं, पण मेला कशानं? कुबसीटीएल डिस्क्राइब पॉड चालवा आणि लास्ट स्टेटच्या खाली जे येतं ते सगळं टाका. शिवाय हे सांगा: मेमरी लिमिट किती, नोड (पॉड चालतो ते मशीन) किती, जावा कुठली, यादीत नावं किती.

आणि लॉग कुठला बघताय? साधा लॉग मागितला की नव्या कंटेनरचा येतो. तो बिचारा आत्ताच जन्मलाय, आधीचा कशानं गेला हे त्याला काय ठाऊक. मागे डॅश डॅश प्रीव्हियस लावा.

शेंगाचटणी | सकाळी ११:३८

बघायची गरजच नाही, लाइव्हनेस प्रोब (पॉड जिवंत आहे का ही तपासणी) आहे. यादी चालू असताना टॉमकॅट गुंतलेला असतो, प्रोबला उत्तर द्यायला उशीर होतो. टाइमआउट मुळात १ सेकंद असतो, लागोपाठ ३ वेळा चुकलं की कुबलेट (नोडवरचा कुबरनेटिसचा कारभारी) मारतं. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात डिट्टो असंच झालं होतं. टाइमआउट १० करा, फेल्युअर थ्रेशोल्ड ६ करा आणि चहा प्या.

काटा_ते_बिल | सकाळी ११:५५

@नलिनी_नोड ताई, एक्झिट कोड १३७ दिसतोय. लिमिट ४ जीबी. नावं १८ हजारांच्या आसपास, प्रत्येकाच्या कपाती वेगळ्या. प्रीव्हियस लावून बघितलं. शेवटची ओळ "रिपोर्ट एक्झिक्यूशन सुरू" अशी आहे, त्यापुढे कोरं.

@शेंगाचटणी दादा, प्रोब बदलला. फरक शून्य.

शेंगाचटणी | दुपारी १२:०१

१३७ आला म्हणजे प्रोबच. मी म्हणालो होतो.

नलिनी_नोड | दुपारी १२:०६

१३७ म्हणजे १२८ अधिक ९. सिग्नल ९ ने मारलं, एवढंच त्यातून कळतं. मेमरी संपली म्हणून कर्नलनं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं) मारलं तरी १३७, आणि प्रोब चुकल्यावर ३० सेकंदांच्या मुदतीत टॉमकॅट बंद झाला नाही म्हणून कुबलेटनं मारलं तरी १३७. कोडच्या वरची ओळ बघा, रीझन काय लिहिलंय. तीच ओळ तुम्ही गाळलीत.

काटा_ते_बिल | दुपारी १२:१५

रीझन: ओओएमकिल्ड (मेमरी संपली म्हणून मारलं).

पण मागच्या वर्षी याच ४ जीबीत याच १८ हजारांची यादी निघत होती, म्हणून ती ओळ महत्त्वाची वाटली नाही.

मोहोळचा_ऊस | दुपारी १२:२०

मी संगणकातला नाही, पोरानं हा धागा दाखवला. ऊस तुटून गेला की १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेली उसाची किमान किंमत) द्यायची, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय. उशीर झाला की १५ टक्के व्याज. आम्ही कारखान्यात विचारलं की उत्तर येतं "सिस्टिम बंद आहे". तर सिस्टिम म्हणजे हे होय.

जुना_टॉमकॅट | दुपारी १२:२४

मालक, सिस्टिम चालू असली तरी पैसे कधी येतात ते सगळ्यांना माहीत आहे. साखर विकली की.

उजनी_डावा_कालवा | दुपारी १२:३०

लिमिट ८ करा, नाहीतर लिमिट काढूनच टाका. एवढं काय. मेमरी स्वस्त झालीये.

नलिनी_नोड | दुपारी १२:३३

काढू नका! डेटाबेस त्याच नोडवर असेल तर नोडची मेमरी संपल्यावर कर्नल कुणाला उचलेल ते आपल्या हातात नाही. पोस्टग्रेस गेला तर काट्यावर गाड्यांची रांग लागेल.

अक्षरशः | दुपारी १२:४१

मराठी रिपोर्ट म्हणालात म्हणून सांगतो. जॅस्परच्या पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटतात. क्ष, ज्ञ, र्‍या यांचे तुकडे होतात, पहिली वेलांटी अक्षराच्या उलट्या बाजूला जाऊन बसते. यावर उपाय आहे. जॅस्परच्या प्रॉपर्टीमध्ये पीडीएफ ग्लिफ रेंडरर ब्लॉक्स नावाची एक आहे, तिथे देवनागरी द्यायचं. मग अक्षरं जावा स्वतः जुळवतं आणि आकार म्हणून काढतं. फॉन्ट मात्र फॉन्ट एक्स्टेन्शनच्या जारमध्ये भरून लिब फोल्डरमध्ये टाकायचा, नुसता मशीनवर बसवून भागत नाही. आणि इमेजमध्ये (कंटेनर ज्या साच्यातून बनतो त्यात) फॉन्टकॉन्फिग हे फॉन्ट शोधून देणारं पॅकेज हवं. बारीक इमेजमध्ये ते नसतं आणि मग माणूस दोन दिवस शोधत बसतो. मी बसलोय.

काटा_ते_बिल | दुपारी १२:५०

@अक्षरशः सर, अक्षरं नीट येतात, मी ते विचारलंच नव्हतं. पॉड मरतोय.

@उजनी_डावा_कालवा लिमिट ८ केली. आता पाचव्याऐवजी नवव्या मिनिटाला मेला.

शेंगाचटणी | दुपारी १२:५४

१६ करून बघा.

नलिनी_नोड | दुपारी १२:५८

थांबा. लिमिट दुप्पट केल्यावर तोच रिपोर्ट जास्त वेळ टिकून मेला, म्हणजे जावाला आपली हद्दच माहीत नाहीये. जागा दिसेल तेवढी खात सुटलंय. इमेज चालवताना एक्सएमएक्स (जावाच्या मेमरीची कमाल हद्द) देता का? जावाची नेमकी आवृत्ती काय? आणि पुन्हा विचारते, काहीच बदललेलं नाही? नोडसुद्धा तोच?

काटा_ते_बिल | दुपारी १:१५

एक्सएमएक्स कुठे दिसत नाही. इमेज बनवणारा मुलगा पुण्याला गेला, फोन उचलत नाही. जावा ८, अपडेट २५२.

नोड म्हणजे, दिवाळीत कारखान्यानं नवीन सर्व्हर घेतला. जुना ३२ जीबीचा होता, हा ६४ चा. पण आम्ही सगळं जसंच्या तसं हलवलं, यामल (सेटिंगच्या) फायलींत एका अक्षराचा फरक नाही.

नलिनी_नोड | दुपारी १:१९

दादा, नवीन सर्व्हर म्हणजे बदल असतो! उबुंटू कुठलं?

काटा_ते_बिल | दुपारी १:२४

जुन्यावर १८.०४, नव्यावर २२.०४.

जुना_टॉमकॅट | दुपारी १:२६

घ्या. आणि वर "काहीही बदललेलं नाही". नवरी बदलली, मंडप तोच.

नलिनी_नोड | दुपारी १:४०

सापडलं बहुतेक. दोन गोष्टी तपासा.

नोडवर: स्टॅट डॅश एफसी, टक्का टी, मग सिस फोल्डरमधला एफएस, त्यातला सीग्रुप. उत्तर "सीग्रुप२एफएस" आलं तर नोड सीग्रुपच्या (लिनक्समधली, मेमरीची लिमिट लावणारी यंत्रणा) दुसऱ्या आवृत्तीवर आहे. उबुंटूनं २१.१० पासून तीच नेहमीची केली. १८.०४ वर पहिली होती.

पॉडमध्ये शिरून: जावा डॅश एक्सशोसेटिंग्ज कोलन व्हीएम, पुढे डॅश व्हर्जन. त्यात मॅक्स हीप साइज (हीप म्हणजे जावाची कामाची मेमरी) किती दाखवतं ते सांगा.

हीप किती घ्यायची हे सांगितलं नसेल तर जावा दिसणाऱ्या मेमरीचा चौथा हिस्सा घेतं. कंटेनरची लिमिट ओळखायला जावा ८ अपडेट १९१ पासून शिकलं, पण फक्त पहिल्या आवृत्तीची. दुसरी कळायला जावा ८ मध्ये अपडेट ३७२ उजाडलं. तुमचं २५२ दोन्हींच्या मधलं. जुन्या मशीनवर त्याला ४ जीबीची लिमिट दिसत होती आणि ते १ जीबी हीपमध्ये निमूट काम करत होतं. आता त्याला लिमिट दिसतच नाही, अख्खी ६४ दिसते. आपल्याकडे १६ आहे असं वाटल्यावर कचरा गोळा करायची घाई कशाला करेल? पसरत जातं, ४ ला कर्नल येऊन मान पिरगळतो. जावाला स्वतःला मेमरी कमी पडली असती तर लॉगमध्ये आउट ऑफ मेमरी एरर दिसला असता. बाहेरून मारलं की लिहायलाही वेळ मिळत नाही.

काटा_ते_बिल | दुपारी १:५२

सीग्रुप२एफएस आलं. मॅक्स हीप १३.९ जी दाखवतंय!! पण ६४ चा चौथा हिस्सा तर १६ होतो ना?

नलिनी_नोड | दुपारी १:५७

मशीनला प्रत्यक्षात ६४ हून थोडी कमी दिसते, त्यातून सर्व्हायव्हर नावाची एक राखीव जागा वजा होते. बरोबर आहे ते.

आजच्यापुरतं: लिमिट परत ४ करा. डिप्लॉयमेंटमध्ये जावा टूल ऑप्शन्स नावाचा एनव्हायरन्मेंट व्हेरिएबल टाका, किंमत डॅश एक्सएमएक्स २५०० एम. इमेजला हात लावायची गरज नाही, जावा सुरू होताना तो स्वतः उचलतं आणि "पिक्ड अप" अशी ओळख देणारी ओळ लॉगमध्ये टाकतं. ती दिसली की यादी लावा. ४ च्या ४ हीपला देऊ नका, थ्रेड्स आणि क्लासेस हीपच्या बाहेर जागा घेतात.

मग सवडीनं इमेज नवीन जावावर बांधा.

जुना_टॉमकॅट | दुपारी २:०५

माझ्याकडे पहिल्या दिवसापासून एक्सएमएक्स लिहिलेलं आहे, म्हणून मला हे भोगावं लागत नाही. जाता जाता सांगतो, १८ हजारांची यादी म्हणजे पानंच पानं, जॅस्पर ती सगळी मेमरीत धरून बसतं. व्हर्च्युअलायझर लावा, पानं डिस्कवर जातील. स्वॅप फाइलवाला चांगला. त्याला लिहायला जागा लागते, तुमच्या त्या पॉडमध्ये टेम्प फोल्डर कुठे जातं ते बघून ठेवा.

नलिनी_नोड | दुपारी २:०८

हे मात्र बरोबर. एम्टीडिर (पॉडपुरती तात्पुरती जागा) जोडा आणि त्याला साइझ लिमिट द्या. मीडियम मेमरी करू नका, नाहीतर ते पुन्हा ४ मध्येच मोजलं जाईल.

उजनी_डावा_कालवा | दुपारी २:३०

नवी पेठेतून सात रस्त्याला यायला आज पाऊण तास लागला. गड्ड्याची (सिद्धेश्वर यात्रेची) गर्दी आत्तापासूनच. अक्षतांच्या दिवशी ऑफिस ठेवणारे लोक कोण आहेत?

शेंगाचटणी | दुपारी २:३४

आमच्याकडे नंदीध्वज बघायला सगळी पोरं पळतात, माग बंदच. सर्व्हरला सुट्टी नसते एवढंच.

मोहोळचा_ऊस | दुपारी २:४०

ते नंदीध्वज राहू द्या. यादीचं काय झालं?

काटा_ते_बिल | दुपारी ३:२०

निघाली!!! ११ मिनिटं लागली, पण पूर्ण निघाली. एकूण टनेज काट्याशी जुळलं. बँक यादी अकाउंट्सला पाठवली. ताई, तुमचे उपकार. कारखान्यावर आलात तर काकवी नक्की.

काटा_ते_बिल | रात्री ९:०५

परत मीच. जोशात लगेच इमेज नव्या जावावर बांधली, अल्पाइनवाली (बारीक लिनक्सची) घेतली, आकार निम्म्यावर आला. आता सर्व्हर उठतो, लॉगिन होतं, पण एकही पीडीएफ निघत नाही. साधी वजन पावतीसुद्धा नाही. नल पॉइंटर एक्सेप्शन, त्याच्या खालच्या ओळीत सन एडब्ल्यूटी फॉन्टकॉन्फिगरेशन असं काहीतरी. बाकी काहीही बदललेलं नाही.

अक्षरशः | रात्री ९:११

दुपारी १२:४१ चा माझा प्रतिसाद वाचा. शेवटची तीन वाक्यं.

काटा_ते_बिल | रात्री ९:३४

वाचला. फॉन्टकॉन्फिग आणि देजावू फॉन्ट टाकून परत बांधली, पावती निघाली. सर, माफी असावी.

अक्षरशः | रात्री ९:३६

क्ष आणि बाकीची जोडाक्षरं नीट आलीत का बघा. अक्कलकोट असलेली एखादी पावती काढा आणि झूम करा.

काटा_ते_बिल | रात्री ९:४८

अक्कलकोट नीट आहे. "क्षीरसागर" आडनावाचे एक सभासद आहेत, त्यांचा क्ष फुटलाय. तुमची ती ग्लिफवाली प्रॉपर्टी कुठल्या फायलीत टाकायची?

जुना_टॉमकॅट | रात्री ९:५०

माझ्याकडे क्ष फुटत नाही.

नलिनी_नोड | रात्री ९:५३

तुमच्याकडे रिपोर्ट इंग्रजीत आहेत, टॉमकॅट काका. मागच्या धाग्यात तुम्हीच सांगितलं होतं.

अक्षरशः | रात्री १०:०२

जॅस्पररिपोर्ट्स डॉट प्रॉपर्टीज, वेब आयएनएफमधल्या क्लासेस फोल्डरमध्ये. इमेजमध्ये बसवू नका, कॉन्फिगमॅप (इमेजबाहेर ठेवलेली सेटिंग) करून तेवढी एक फाइल सबपाथनं माउंट करा. अख्ख्या फोल्डरवर माउंट केलंत तर बाकीचे क्लासेस झाकले जातील आणि सर्व्हरच उठणार नाही. आणि हो, आधीच्या इमेजमध्ये क्ष नीट येत होता म्हणता, म्हणजे त्या पुण्याच्या मुलानं ही ओळ कुठेतरी लिहिलेली आहे. जुनी इमेज पुसलीत की आहे अजून?