सायनस, कानाची सूज आणि घरची शुश्रूषा : आपले अनुभव लिहावेत

काल शेजारच्या काकूंकडे निलगिरीचा वाफारा चालला होता आणि त्या वासासरशी मला माझे जुने आजारपण आठवले. आठवडाभराची सर्दी ओसरत असताना एका पहाटे कूस बदलताच खोली गरगरू लागली, उलट्या थांबेनात आणि डाव्या कानाने ऐकू येईना. घरी सर्वांनी पित्त समजून कोकम सरबत दिले. माझा कान गेल्याचे सासूबाईंनी ताडले आणि दुपारीच दवाखाना गाठायला लावला. अंतर्कर्णाला सूज होती. अचानक ऐकू येईनासे झाले तर घरी थांबू नये, कारण स्टेरॉइड जितके लवकर सुरू होईल तितकी ऐकू परत येण्याची आशा अधिक असते. चक्करीची गोळी डॉक्टरांनी तीनच दिवस दिली, कारण ती लांबली की बिघडलेल्या कानाशी जुळवून घेण्याचे मेंदूचे काम रेंगाळते. पुढचा दीड महिना मी भिंतीला हात लावून फेऱ्या मारल्या आणि समोर धरलेल्या अंगठ्यावर नजर रोखून मान डावी-उजवीकडे वळवली. व्यायाम चुकवला ते दिवस वाईट गेले.

प्रतिसाद
मी बारा वर्षे जलनेती करतो, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुतो. अर्ध्या लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम, म्हणजे लहान चमच्याला किंचित कमी, मीठ लागते. ते कमी पडले की नाक झोंबते. पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. केरळात २०२४ साली मेंदूपर्यंत जाणाऱ्या अमीबाने मुले दगावली. तो नाकावाटे शिरतो, पोटातून नव्हे, म्हणूनच पिण्यायोग्य पाणी नाकासाठीही चालेल हा समज घातक आहे.

प्रतिसाद
वरची दाढ ठणकते म्हणून मी दंतवैद्यांकडे गेले, तर दाढ निरोगी निघाली. त्या दाढांची मुळे गालातल्या सायनसच्या, म्हणजे हाडातल्या पोकळीच्या, तळाला लागून असतात. खाली वाकले की ठणका वाढायचा, हे मी त्यांना सांगितलेच नव्हते. त्याच वेळी नाक मोकळे करणारे थेंब तीन-चार दिवसांऐवजी महिनाभर घातले आणि शेवटी थेंबांवाचून नाक उघडेनासे झाले. ती सवय सोडवणे सायनसपेक्षा अवघड गेले.

प्रतिसाद
वाफाऱ्याने बरे वाटते, पण मुलांसाठी पातेले नकोच. माझ्या भाचीच्या मांडीवर ते कलंडले आणि तो डाग अजून आहे. आता आम्ही न्हाणीघरात गरम पाणी सोडून, दार लावून, तिला जवळ घेऊन बसतो.

प्रतिसाद
ताई, आईलाही कूस बदलताना चक्कर येते, पण अर्ध्या मिनिटात थांबते आणि ऐकू नीट येते. हेही तेच का?

धागाकर्ती
बहुधा नाही. कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत गेले की अशी थोडा वेळ टिकणारी चक्कर येते आणि डोके ठरावीक क्रमाने वळवून ते कण परत आणता येतात. कोणता कान, कोणती नलिका हे डॉक्टरांनी आधी ठरवावे आणि पहिल्यांदा त्यांच्यासमोरच करावे. मान दुखत असल्यास तेही त्यांना सांगा.

प्रतिसाद
कानात लसणीचे कोमट तेल घातले तर?

धागाकर्ती
काकू, कृपया घालू नका. पडद्याला भोक असेल तर तेल आत उतरते, आणि भोक आहे की नाही हे घरी दिसत नाही. ठणक्यासाठी बाहेरून कोमट कापडाने शेकावे आणि पू येत असेल तर आजच दाखवावे.