मदत हवी आहे: अभ्यासिकेच्या वायफायवर लेक्चरं कॅश होतात, तरी लाइन तुंबलेलीच

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमची अभ्यासिका आहे. एमपीएससी आणि पोलिस भरतीची साठेक पोरं बसतात. फायबर अजून आलेलं नाही, म्हणून डोंगरावरच्या टॉवरवरून ३० एमबीपीएसची रेडिओ लिंक घेतली आहे.

पोरं बघतात ती लेक्चरं एका क्लासच्या सर्व्हरवरची. क्लासचे सर ओळखीचे आहेत. इथे कॅश (एकदा आलेल्या फाइलींची जवळची प्रत) ठेवायला त्यांनी परवानगी दिली आहे आणि लेक्चरं ज्या सबडोमेनवरून येतात त्याचं सर्टिफिकेटही. (यूट्यूबचा विषय नाही, कृपया स्क्विड हा कॅशिंग प्रॉक्सी सुचवू नका.) जुना डेस्कटॉप, ५०० जीबी एसएसडी, त्यावर एन्जिनएक्स रिव्हर्स प्रॉक्सी (सरांच्या सर्व्हरच्या वतीने मध्ये उभा राहून उत्तर देणारा प्रोग्रॅम). राउटरच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) ते नाव या मशीनकडे वळवलं आहे. कुणी मागितलं तरच वरून आणायचं आणि एकदा आणलं की ठेवायचं, असा बेत. सगळं आधीच उतरवणं शक्य नाही, लेक्चरं काही टीबी भरतील.

सकाळी सातला सगळे चालू घडामोडींचं एकच लेक्चर लावतात. ४८० पी, तासाभराचं, अर्ध्या जीबीच्या आतलं. तरी त्या तासात डिस्कवर दहा-बारा जीबी चढतात, लिंक पूर्ण भरते आणि पोरं गोल फिरणारं चक्र बघत बसतात. दुपारी डिस्क रिकामी! कमाल मर्यादा ४०० जीबी दिली आहे. हेडरमध्ये कॅश स्टेटस टाकून पाहिलं तर मिस, मिस, मिस (म्हणजे कॅशमध्ये सापडलं नाही). व्हिडिओ छोट्या तुकड्यांत येतो; तुकड्याचा पत्ता 'सेग ००४२ डॉट टीएस' आणि प्रश्नचिन्हापुढे प्रत्येकाचं टोकन (ज्याची त्याची परवानगीची खूण).

एलआरयूमुळे (बराच वेळ न मागितलेलं आधी उडवायचं) होतंय का? एलएफयू (कमी वेळा मागितलेलं आधी उडवायचं) देणारं दुसरं काही टाकू का?

घाटावरचा_नेटवाला:
दादा, एलआरयूची पाळी डिस्क भरल्यावर येते, तुमची भरतेय कुठे? 'इनॅक्टिव्ह' दिलंय का? नसेल तर ते मुळात १० मिनिटांचं असतं. तेवढ्या वेळात कुणी मागितलं नाही की फाइल उडाली, जागा कितीही असो. ३० दिवस करा.

दुसरं, टोकन. मुळातल्या कॅश कीमध्ये (कॅश फाइल ज्या नावाने ओळखते त्यात) प्रश्नचिन्हापुढचंही सगळं धरलं जातं, म्हणून एकच तुकडा पोरागणिक वेगळा ठरतो. की फक्त पाथवरून बनवा. मग मात्र हिट झालेली (कॅशमध्येच सापडलेली) विनंती सरांच्या सर्व्हरपर्यंत जाणारच नाही, टोकन तपासणार कोण? 'ऑथ रिक्वेस्ट' लावा. तुकडा इथून जाईल, वर फक्त टोकनची चौकशी जाईल. सरांना विचारून घ्या, परवानगी त्यांची आहे.

आणि 'कॅश लॉक' ऑन करा, ते मुळात ऑफ असतं. सगळे एका क्षणी एकच तुकडा मागतात तेव्हा एकानेच वर जायचं, बाकीच्यांनी थांबायचं. सातच्या गर्दीवर हाच उपाय.

सिग्नल_गुल:
वरचं सगळं बरोबर, पण लगेच दुसरं दुखणं येईल. प्लेअर क्वालिटी आपोआप बदलतो ना? तुकडे इथूनच झपाट्याने मिळाले की त्याला वाटतं लाइन दणदणीत आहे, आणि तो १०८० पी मागतो. ते कॅशमध्ये नसतं, म्हणून वर जातो, अडकतो, परत ४८० वर येतो. वर-खाली चालूच. शिवाय कॅशने वाचते ती टॉवरची लिंक, खोलीतल्या वायफायची हवा नाही. २.४ गिगाहर्ट्झवर इतकी माणसं असली की एका एपीतून (वायफायच्या डब्यातून) प्रत्यक्षात चाळीस-पन्नास एमबीपीएस निघाले तरी खूप. अभ्यासिकेला जाणाऱ्या प्लेलिस्टमधून (प्लेअरला कोणत्या क्वालिटी आहेत ते सांगणाऱ्या यादीतून) ४८० पीच्या वरचं काढून टाका. फळ्यावरचं वाचायला तेवढं पुरतं. जमेल तेवढे फोन ५ गिगाहर्ट्झवर ढकला.

धागाकर्ता:
घाटावरचे, जिंकलंत! 'इनॅक्टिव्ह' दिलंच नव्हतं. सरांच्या होकाराने की बदलली, ऑथ आणि लॉक लावलं. आज सातला लिंक पाच-सहा एमबीपीएसच्या वर गेली नाही, दुपारी तेच लेक्चर हिट. प्लेलिस्टचं काम सरांच्या पोराकडे दिलंय.

एक राहिलंय. काही पोरांनी जाहिराती अडवायला फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस टाकलाय (म्हणजे पत्ता राउटरला न विचारता बाहेरच्या डीएनएसला विचारला जातो). त्यांचे फोन आमच्या मशीनला वळसा घालून थेट वर जातात. प्रायव्हेट डीएनएस ज्यावरून चालतो तो ८५३ पोर्ट बंद करून पाहिला, तर त्यांचं नेटच बंद झालं आणि सगळे माझ्या टेबलाशी. त्यांची सेटिंग न बदलता काही करता येईल का?