मदत हवी आहे: बिशामोन्तेनचे नेत्सुके हस्तिदंती की हाडाचे?
नमस्कार. नोकरीनिमित्त काही वर्षे जपानमधील कोबे येथे राहिलेल्या माझ्या दिवंगत काकांच्या कपाटात साडेचार सेंटीमीटर उंचीचे एक कोरीव नेत्सुके सापडले आहे. किमोनोला खिसे नसल्याने तंबाखूची पिशवी कमरपट्ट्याला दोरीने लटकवत आणि ती निसटू नये म्हणून दोरीच्या वरच्या टोकाला नेत्सुके ओवत.

अंगात चिलखत, एका हातात भाला आणि दुसऱ्या तळव्यावर इवलासा स्तूप, यावरून ही मूर्ती बिशामोन्तेनची, म्हणजे आपल्याच वैश्रवण कुबेराच्या जपानी योद्धारूपाची असावी (आपल्या ढेरपोट्या कुबेराला तिकडे शस्त्र धरावे लागले, याची गंमत वाटते). पाठीवरच्या दोन भोकांपैकी एक, दोरीची गाठ आत दडावी इतपत मोठे असून त्याची कड झिजून गुळगुळीत झाली आहे. साच्याची शिवण कुठेही दिसत नाही, म्हणजे ते साच्यातून ओतलेले नसावे.

अडचण अशी की, तळाशी भिंगातून एकमेकींना छेदणाऱ्या, हस्तिदंताची खूण मानल्या जाणाऱ्या पुसट रेषा दिसतात, तर खांद्यापाशी हाडात असतात तसे काळे ठिपके आहेत. वस्तू विकायची नाही. तिला इजा न करता याचा निर्णय कसा करावा, आणि हस्तिदंत निघाल्यास १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार कोणाकडे नोंद करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.