काळीज, यकृत, पेटा: नेमकं काय लिहायचं?

नंदिनी: गरोदर बायकांसाठी एक आहारपत्रिका मराठीत करतेय. 'लिव्हर टाळा' याचं मी 'काळीज टाळा' केलं. तपासणाऱ्या ताईंनी खोडलं. म्हणे काळीज म्हणजे हृदय. माझी आजी तर कलेजीलाच काळीज म्हणायची. पुढे गिझर्डवरही अडलेय, म्हणजे कोंबडीच्या पोटातला दाणे भरडणारा जाड भाग.

रानपाखरू: आजी बरोबर! संस्कृतात कालेय म्हणजे यकृत, अमरकोशातही यकृताला कालखंड म्हटलंय. काळीज धडधडायला लागलं ते मागाहून.

मिताक्षर: मागाहून का होईना, आज 'काळजात धस्स झालं' म्हणताना कुणाचा हात उजव्या बरगडीखाली जातो? छातीवरच जातो ना? इथे गफलत महागात पडेल. कोंबडीच्या १०० ग्रॅम कच्च्या यकृतात सुमारे ३,३०० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व असतं. प्रौढांना दिवसाची कमाल मर्यादा ३,०००, आणि गरोदरपणात त्याचा अतिरेक बाळाला बाधतो. हृदयात ते नगण्य. बाई हृदय टाळेल आणि कलेजी खाईल.

रानपाखरू: मग 'कलेजी' लिहा. 'यकृत' वाचून कुणाला ताटातलं काही आठवत नाही.

शुद्धमती: गिझर्डला 'पेषणी' हा नेमका शब्द आहे. पिष् म्हणजे दळणं. पक्ष्याला दात नसतात, गिळलेल्या खड्यांनी दाणे तिथे भरडले जातात. शब्दातच सगळं काम आलं.

ओवी: शब्द सुंदरच, पण मांस कापणाऱ्याला 'पेषणी द्या' म्हणून बघा. आम्ही पेटाच म्हणतो. आई तो उभा चिरून आतली खडी धुवायची, मग पिवळी चिवट साल नखाने सोलायची. मला वाटतं हा पोटाचाच भाऊ.

रानपाखरू: आमच्याकडे सरळ पोटाच म्हणतात! आणि फारसीत संगदान, दगडांचं भांडं. बघा, तिथेही खडेच.

मिताक्षर: नाव काहीही द्या, त्याला कलेजीच्या पंगतीत बसवू नका. पेटा म्हणजे निव्वळ स्नायू. १०० ग्रॅम कच्च्यात प्रथिनं १८ ग्रॅमच्या आसपास, चरबी दोनच ग्रॅम, अ जीवनसत्त्व अगदी थोडं. कोलेस्टेरॉल मात्र २४० मिलिग्रॅम.

शुद्धमती: प्रश्न शब्दाचा होता. पेषणी कुणी वापरलाच नाही तर तो रुळणार कसा?

ओवी: गरोदर बाईच्या हातातल्या कागदावर नको हो रुळवायला.

नंदिनी: आणि मथळ्यातल्या 'ऑर्गन मीट'चं काय करू? 'अवयवमांस' वाचवत नाही.

रानपाखरू: ते राहू दे, वजडी आतड्याची की जठराची ते सांगा आधी. आमच्या घरात यावरून दोन तट आहेत.