मदत हवी आहे: दमा असलेल्या मुलीला फ्लू झाल्यास औषध केव्हा सुरू करावे?

नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. आमच्या मुलीचा जन्म २०२० च्या टाळेबंदीतला. त्या काळात जगभर फ्लूचा प्रसार फारच घटला होता, त्यामुळे तिच्या वयाच्या मुलांची या विषाणूशी गाठ उशिरा पडली. तिला दमा आहे आणि रोजचा इनहेलर चालू आहे.

२००९ च्या साथीतला एच१एन१ विषाणू आता दर हंगामात येणाऱ्या फ्लूपैकीच एक झाला आहे, म्हणून अनेक जण त्याला साधा सर्दी-ताप समजतात. परंतु पाच वर्षांखालील, त्यातही दोन वर्षांखालील, आणि दम्यासारखा जुना आजार असलेल्या मुलांना न्यूमोनियाचा धोका अधिक असतो. ओसेल्टामिविर हे फ्लूवरचे विषाणूरोधक औषध लक्षणे दिसल्यापासून पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडते आणि मुलांमध्ये त्याची मात्रा वजनावरून ठरते, एवढे मला ठाऊक आहे.

अडचण अशी की तपासणीचा अहवाल येईपर्यंत हे ४८ तास सहज निघून जातात. अशा मुलांना केवळ लक्षणांवरून औषध सुरू करण्याबद्दल येथील बालरोगतज्ज्ञांचा अनुभव काय आहे? उलट्या झाल्यास मात्रा पुन्हा द्यावी का? धाप लागणे, ओठ निळसर होणे, मूल सुस्त पडणे या लक्षणांवर थेट रुग्णालय गाठायचे, हे आम्ही ठरवूनच ठेवले आहे. औषध तिच्या डॉक्टरांना विचारूनच देऊ. मात्र पावसाळ्यापूर्वी त्यांच्याशी बोलताना लशीखेरीज आणखी काय विचारून ठेवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.